बँकॉकमध्ये दिवसभराची गाडी ठेवावी का? एका टूर लीडरचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: पाच दिवस बँकॉक, आम्ही नवरा-बायको, सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी, हॉटेल सुखुमवित रोडवर नाना स्टेशनजवळ. एजंट म्हणतोय, पाचही दिवस ड्रायव्हरसकट गाडी ठेवा, वयस्कर माणसांना दगदग नको. ठेवावी का?

शहरात फिरायला ठेवू नका. शहराबाहेर जाणार असाल त्या एका दिवशी जरूर ठेवा. बँकॉकमध्ये मराठी ग्रुप घेऊन फिरणं हा माझा बरीच वर्षं धंदा आहे, आणि आई-बाबांना सगळ्यात जास्त शिणवणारी गोष्ट तिथे कोणती असेल, तर ती एसी गाडीत बसून दीड तास एका जागी थांबणं. गाडी हलत नाही, लघवीला उतरता येत नाही आणि ड्रायव्हरला तुमची भाषा येत नाही. चालणं परवडलं.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. बँकॉकचे मोठे रस्ते संख्येने कमी आणि एकमेकांपासून लांब आहेत. मधल्या भागात ज्या गल्ल्या आहेत, त्यांना सोई म्हणतात, त्यातल्या बऱ्याच पुढे बंद होतात. म्हणजे आपल्याकडचा रिक्षावाला जसा आतल्या आत गल्लीबोळातून काढतो, तशी सोय फार थोड्या ठिकाणी. सगळी वाहनं फिरून फिरून त्याच मोजक्या रस्त्यांवर येतात. त्यात मोठ्या चौकांतले सिग्नल चांगले लांबलचक असतात, कित्येकदा पोलीसच चौकीत बसून हाताने चालवतात. आसोकच्या चौकात लाल दिवा लागला की ड्रायव्हर मोबाइल काढून व्हिडिओ बघायला लागतो, यावरून काय ते ओळखा.

म्हणून नकाशावर "सात किलोमीटर" दिसलं तर त्याला काही अर्थ नाही. सकाळी सात ते नऊ-साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात रस्त्यावर उतरूच नका. त्या वेळात रूळ किंवा पाणी. दुपारी अकरा ते तीन आणि रात्री आठनंतर टॅक्सी बिनधास्त घ्या, स्वस्तही पडते आणि पळतेही. मी ग्रुपचा कार्यक्रम आखतो तेव्हा आधी हे वेळेचे कप्पे मांडतो, मग त्यात देवळं आणि मॉल बसवतो. बहुतेक लोक उलटं करतात.

आता पहिल्या सकाळपासून धरू. मुंबईहून निघणारी बरीच विमानं तिथे पहाटे उतरतात. घड्याळ दीड तास पुढे असतं, त्यामुळे सामान घेऊन बाहेर येईपर्यंत तिथल्या ऑफिसच्या गर्दीची वेळ झालेली असते. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंक फाया थायपर्यंत जाते, अर्ध्या तासाच्या आत, पूर्ण अंतराचं भाडं ४५ बात. एक बात म्हणजे अडीच-तीन रुपये धरा. एकट्यादुकट्याला ही गाडी उत्तम. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, चार बॅगा आणि आई-बाबा घेऊन त्यात चढू नका. विमानतळावर रिकामी दिसते, पुढच्या दोन-तीन स्टेशनांत माणसं दारातून आत ढकलत येतात.

तेव्हा येताना टॅक्सीच. मात्र तुम्ही पाच जण आहात हे लक्षात घ्या. साध्या टॅक्सीत चार माणसं, आणि बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी असते, मुंबईच्या सीएनजी टॅक्सीसारखीच, त्यामुळे दोन मोठ्या बॅगांत डिकी संपते. बाहेर पडण्याचा मजला दुसरा आहे. तिथे "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत जे अंगावर येतात त्यांच्याकडे बघायचंही नाही. सरकत्या जिन्याने पहिल्या मजल्यावर या. तिथे सरकारी रांग असते आणि नंबराची चिठ्ठी देणारी यंत्रं असतात. मोठ्या गाडीची रांग वेगळी आहे, तिथून चिठ्ठी घ्या. चिठ्ठीवर लेन नंबर असतो, त्या लेनमधली गाडी तुमची. चिठ्ठी प्रवास संपेपर्यंत ड्रायव्हरला देऊ नका, तक्रारीची वेळ आली तर गाडीचा नंबर त्यावरच असतो. मीटरवर जे होईल ते, त्यावर विमानतळाचे ५० बात, आणि एक्सप्रेसवेने गेलात तर टोल तुमचा. टोलनाक्यावर ड्रायव्हर हात मागे करतो तेव्हा सुटे पैसे तयार ठेवा. तो फसवत नाहीये, तिथली रीतच ती आहे. एक्सप्रेसवे नको म्हणून वाचवलेले शंभरेक बात नंतर तासाभराने वसूल होतात.

तुमचं हॉटेल नानाजवळ आहे ही जमेची बाजू. बीटीएस, म्हणजे उंचावरून धावणारी स्कायट्रेन, तुमच्या डोक्यावरून जाते. ती १९९९ मध्ये सुरू झाली, सुखुमवित आणि सिलोम अशा तिच्या दोन मुख्य लाइन, आणि दोन्ही सयाम स्टेशनला भेटतात. जमिनीखालची एमआरटी २००४ ची. तिची निळी लाइन तुमच्या शेजारच्या आसोक स्टेशनला लागून जाते, तिथे एमआरटीच्या स्टेशनचं नाव मात्र सुखुमवित आहे. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्या चालवतात, म्हणून एकीतून दुसरीत जाताना बाहेर पडून परत तिकीट. बीटीएससाठी काउंटरवर रॅबिट कार्ड घ्या, पासपोर्ट लागतो. कार्डाची किंमत परत मिळत नाही, पण पाच दिवस रोज रांगेत उभं राहण्यापेक्षा बरं. एमआरटीच्या गेटवर टॅप करून चालणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट लावता येतं. बँकेकडून परदेशी वापर चालू करून घ्या, आणि ज्या कार्डाने आत गेलात त्यानेच बाहेर या. दोन्हीकडे माणशी एक कार्ड, एका कार्डावर पाच जण सोडता येत नाहीत. कार्ड नसेल त्याला एमआरटीत काळं प्लॅस्टिकचं टोकन मिळतं. आत जाताना ते टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं. पोरांकडून हरवतं, तुम्ही स्वतःच्या खिशात ठेवा.

आई-बाबांसाठी खरी अडचण गाडीत नाही, जिन्यात आहे. बीटीएस बांधली तेव्हा बऱ्याच स्टेशनांना लिफ्टच नव्हत्या. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे लोक कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट बसवा असा आदेश दिला. आता लिफ्ट आहेत, पण प्रत्येक दाराला नाहीत. सरकते जिने असले तरी बऱ्याचदा वर जाणारेच असतात, उतरायला दगडी पायऱ्या. म्हणून पहिल्या दिवशीच नाना आणि आसोकला लिफ्ट कोणत्या नंबरच्या दाराशी आहे ते बघून ठेवा. रोज जायचं-यायचं तिथूनच. उतरल्यावरही घाई न करता फलाटावरच्या नकाशात दाराचा नंबर बघा. चुकीच्या दाराने खाली उतरलात तर रस्ता ओलांडायला परत वर चढावं लागतं, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाचा मूड तिथेच जातो.

सयामपासून चिट लोमपर्यंत, आणि पुढे फ्लोएन चिटपर्यंत, रुळांखालून पादचारी पूल आहे. खाली वाहनांचा गोंधळ चालू असतो आणि वरून तुम्ही सावलीत एका मॉलमधून दुसऱ्यात जाता. एरावानचं ब्रह्मदेवाचं ठाणं चिट लोमला, त्याच परिसरात सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या अंगणात त्रिमूर्ती आणि गणपती. आई-बाबांना गणपतीचं निवांत दर्शन हवं असेल तर आसोकहून एमआरटीने चौथं स्टेशन हुआय ख्वांग. बाहेर आलं की चौकातच गणपतीचं देऊळ आहे. रात्रीही माणसं असतात, झेंडूच्या माळा, नारळ, दूध, गुलाबी सरबताचे पेले असा नैवेद्य मांडलेला असतो. आमच्या ग्रुपमधल्या काकू तिथे हमखास अथर्वशीर्ष म्हणतात आणि थाई मंडळी हात जोडून बाजूला उभी राहतात.

आता जुनं शहर, कारण सगळ्यांची गाडी तिथेच अडते. ग्रँड पॅलेस म्हणजे राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण (थाईत वाट म्हणजे देऊळ) हा एक दिवस. एमआरटी २०१९ मध्ये तिथवर पोचली, सनाम चाय स्टेशन. आसोकहून गाडी न बदलता वीस-बावीस मिनिटं, फक्त लाक साँगच्या दिशेची गाडी पकडा. स्टेशन स्वतःच बघण्यासारखं आहे, खांब आणि छत राजवाड्याच्या दिवाणखान्यासारखं सजवलंय. तिथून वाट फो पाच-सात मिनिटांवर. पण ग्रँड पॅलेसचं पर्यटकांचं दार उत्तरेच्या बाजूला आहे आणि सनाम चाय दक्षिणेला. मध्ये राजवाड्याची लांबच लांब पांढरी भिंत, जवळजवळ किलोमीटरभर, सावली कमी. इंटरनेटवर सगळे "सनाम चायहून चालत जा" लिहितात ते तरण्याताठ्यांसाठी.

तुमच्या घरच्यांना मी नदीने नेईन. नानाहून बीटीएस, सयामला सिलोम लाइनची बांग वा दिशेची गाडी, आणि सफान ताक्सिनला उतरायचं. सयामला फलाट एकावर एक दोन मजल्यांवर आहेत, पाट्या वाचून जा. सफान ताक्सिनच्या खालीच साथोर्नचा धक्का, तिथून चाओ फ्राया नदीतली बोट. केशरी झेंड्याची बोट म्हणजे तिथल्या लोकांची रोजची बोट, कुठेही उतरा, भाडं १६ बातच्या आसपास. निळ्या झेंड्याची पर्यटकांची, महाग, पण जरा सावकाश थांबते. धक्क्यावर शिरताच खाजगी बोटवाले हजार-दोन हजाराच्या फेऱ्या गळ्यात मारतात. सरळ पुढे जाऊन केशरी झेंड्याची रांग शोधा.

ही बोट लागते कशी ते आधी माहीत असलेलं बरं. मागच्या टोकाला एक पोरगा दोर घेऊन उभा असतो, तो शिट्टी मारतो. वेगवेगळ्या शिट्ट्यांवरून चालकाला मागे-पुढे कळतं. बोट धक्क्याला आपटते, दोर खुंटीभोवती पडतो, उतरणारे उतरतात, चढणारे चढतात आणि वीसेक सेकंदांत दोर सुटलेला असतो. धक्का तरंगता, बोट हलती, मध्ये वीतभर फट. बाबांना आधी चढवा, तुम्ही मागून. आत गेल्यावर दारात रेंगाळू नका, मधल्या भागात सरका. पुढे भिक्षूंसाठी राखीव जागा असते, तिथे बसायचं नाही, आणि बायकांनी भिक्षूंना धक्का लागणार नाही असं उभं राहायचं. मग कंडक्टरबाई हातातली लांबट पत्र्याची नळी खुळखुळवत येतात. पैसे त्यातच, तिकिटंही त्यातच, ते तिच्याच झाकणाने टर्रकन फाडून देतात. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं असेल तर मात्र निळ्या झेंड्यालाच जा, जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

ग्रँड पॅलेससाठी था चांग धक्क्यावर उतरा. तिथून दार जवळ. परदेशी माणसाला तिकीट ५०० बात, सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला तिकीट बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. आपल्या आईचा पंजाबी ड्रेस किंवा साडी चालते, अडतो तो जावई, हाफ पँटमुळे. बघून झालं की वाट फोपर्यंत टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, मग था तिएनच्या धक्क्यावरून पाच मिनिटांत पलीकडे वाट अरुणला नेणारी नाव, भाडं अगदी किरकोळ. परत अलीकडे येऊन सनाम चायहून एमआरटीने थेट आसोक. या एका दिवसात गाडीची गरज कुठे लागली सांगा. वाटेत साम योत स्टेशनला उतरलात तर पाहुरात, तिथला भारतीय मोहल्ला. सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे, आजूबाजूला शाकाहारी जेवण मिळतं. पाच दिवस नूडल्समध्ये मासळीचा वास शोधून कंटाळलेल्या बाबांना तिथे पोळी दिसली की चेहरा उजळतो. पुढचं स्टेशन वाट मांगकोन, म्हणजे चायनाटाउन. ते रात्रीच बघा.

पॅलेसच्या आसपास नीटनेटक्या कपड्यांतला एखादा गृहस्थ हसत विचारेल, "इंडिया?" आणि सांगेल की आज सण आहे, पॅलेस दुपारपर्यंत बंद आहे, तोवर २० बातमध्ये टुकटुकने चार देवळं बघा. पॅलेस उघडाच असतो. टुकटुक तुम्हाला रत्नांच्या नाहीतर सूट शिवणाऱ्याच्या दुकानात नेते, कमिशन तिथे. ही फसवणूक इतकी जुनी आहे की पॅलेसबाहेर भोंग्यावरून सावध करतात, तरी रोज कोणी ना कोणी जातंच. दारापर्यंत चालत जाऊन स्वतः बघा.

टुकटुक मजेसाठी घ्या, एकदा, रात्री, जवळच्या अंतरासाठी, भाव आधी ठरवून. मुलीला आवडेल. टॅक्सीपेक्षा ती स्वस्त असते हा आपला भारतीय समज, बँकॉकमध्ये उलट आहे. केशरी जॅकेटवाल्या मोटारसायकल टॅक्सी सोईच्या तोंडाशी उभ्या असतात. गर्दीतून सुटायला त्यांच्याइतकं जलद काही नाही, पण आई-बाबा आणि मुलगी यांना त्यावर बसवू नका.

रस्त्यावरची टॅक्सी ३५ बातपासून सुरू होते. काचेवर लाल दिव्याची पाटी दिसली की रिकामी. दार उघडून आधी "मीटर" म्हणा. तो तीनशे-चारशे सांगेल तर दार बंद करा आणि पुढची बघा, वाद घालू नका. मॉल आणि मोठ्या हॉटेलांसमोर उभ्या असलेल्या टॅक्सी हमखास भाव सांगतात, चालत्या टॅक्सीला हात करा. दुपारी तीन-चारच्या सुमारास पाळी बदलायची असते, तेव्हा बरेच जण लांबच्या भाड्याला नाही म्हणतात. हजाराची नोट पुढे केलीत तर सुटे नाहीत हे ठरलेलं उत्तर. हॉटेलचं थाई भाषेतलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात ठेवा, आई-बाबांच्याही.

पाच जणांसाठी ग्रॅब हे टॅक्सीचं ॲप बरं, त्यात सहा जणांची गाडी मागवता येते आणि भाव आधी कळतो. उबर तिथे नाही, २०१८ मध्ये या सगळ्या भागातला धंदा ग्रॅबला देऊन ती निघून गेली. बोल्टही चालतं. पण एक गोष्ट जी ॲप सांगत नाही: बुक करण्याआधी रस्त्याच्या योग्य बाजूला जाऊन उभे राहा. सुखुमवितवर दुभाजक सलग आहे आणि यू-टर्न लांब. तुम्ही उलट्या बाजूला असाल तर गाडी तुमच्या समोरून जाईल, नकाशात दोन मिनिटं दाखवेल आणि वळून यायला पंधरा लागतील. स्टेशनच्या पुलावरून रस्ता ओलांडा, मग ॲप उघडा. पत्ता वाचतानाही हेच भान ठेवा. सुखुमवितच्या एका बाजूला विषम नंबरच्या सोई, दुसऱ्या बाजूला सम, आणि समोरासमोर नंबर जुळत नाहीत. एक्कमाय स्टेशनाशी एकीकडे सोई ६३ आहे आणि समोर सोई ४२.

पावसाळ्यात जाणार असाल, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, तर संध्याकाळी धो धो कोसळला की ग्रॅबचे भाव चढतात आणि गाडीही मिळत नाही. मॉलच्या फूड कोर्टात तासभर बसा. पाऊस थांबतो, रस्ते मोकळे व्हायला मात्र आणखी वेळ लागतो, तेव्हा परत बीटीएसच.

एखाद्या दुपारी आई-बाबा हॉटेलात झोपले की तुम्ही आणि मुलगी सेन सेप कालव्याच्या बोटीने जाऊन या. नानाच्या सोई ३ च्या टोकाला धक्का आहे. प्रतुनामला बोट बदलायची आणि पानफाच्या दिशेने जायचं, त्या बाजूला टेकडीवरचं सोनेरी चेदी, म्हणजे स्तूप, असलेलं वाट साकेत. काळं पाणी, घरांच्या मागच्या बाजू, दोऱ्यांवरचे कपडे. पाणी उडायला लागलं की काठावर बसलेल्याने दोरी ओढून ताडपत्री वर घ्यायची, हे काम मुलीला द्या. कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं काढतात, पूल इतके बुटके की कधीकधी छप्परच खाली घ्यावं लागतं. वयस्कर माणसांसाठी ही बोट अजिबात नाही.

गाडी ठेवायची तो दिवस म्हणजे जुनी राजधानी अयुथया, किंवा दामनोएन सादुआकचा तरंगता बाजार आणि मेक्लाँगचा रुळांवरचा बाजार. पहाटे सहा-साडेसहाला निघा, चारच्या आत शहरात परत या. सफारी वर्ल्डलाही गाडीच बरी, ते पार ईशान्येच्या टोकाला आहे. पट्टाया करायचं असेल तर बँकॉक शहरात शिरूच नका, सुवर्णभूमीच्या पहिल्या मजल्यावरून थेट बस सुटते.

परतीच्या दिवशी विमान संध्याकाळचं असेल तर चारला टॅक्सी बोलावणं सगळ्यात वाईट. तेव्हा मात्र रेल लिंक घ्या: नानाहून बीटीएस, गाडी न बदलता फाया थाय, तिथे पुलावरून पलीकडे रेल लिंक. तिथूनच ती सुटते, त्यामुळे एखादी गाडी सोडून पुढच्या गाडीत बसायला जागा मिळते. बॅगा मोठ्या असतील तर सामान तुम्ही दोघं नवरा-बायको ट्रेनने न्या आणि आई-बाबा, मुलगी यांना दुपारी दोनलाच ग्रॅबमध्ये बसवा असं करू नका, वेगवेगळं जाऊन विमानतळावर एकमेकांना शोधण्यात जीव जातो. सगळेच दोनला ग्रॅबने निघा, विमानतळाच्या पहिल्या मजल्यावर कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या स्वस्त फूड कोर्टात कूपन घेऊन जेवा, आणि मग सावकाश चेक-इनला वर जा.